लांब चालायला निघताय? बुटाचं नंतर बघू, आधी डोक्याचं बघा

कोजागिरी महिनाभरावर आली की इथं सोलापुरात माझा फोन सुरू होतो. गल्लीतला कोण, बाजारातला कोण, बायकोच्या मावसबहिणीचा पोरगा, सगळ्यांचा एकच प्रश्न, "तुळजापूरला चालत जायलोय, बूट कुठला घेऊ?" मी बूट सांगतो, ते खूश होतात, दोन-तीन हजार घालवतात, आणि तामलवाडीच्या पुढं कुठंतरी रस्त्याकडंला बसून मलाच फोन लावतात की आता काय होत नाही बे.

बुटाचा दोष नसतो हो.

मी स्वतः नर्मदा परिक्रमेला निघालो होतो आणि २३व्या दिवशी परत आलो. त्या दिवशी माझे बूट चांगले होते, पायाला एक फोड नव्हता, पोट ठीक होतं, पैसे होते, हवा तर मस्तच होती. तरी गुजरातेत एका केळीच्या बागेशेजारी कालव्याच्या कट्ट्यावर बसलो आणि तिथनं उठलो ते थेट बस स्टँडकडं. काय झालं म्हणून विचाराल तर सांगण्यासारखं काहीच झालं नव्हतं, आणि तेच सांगायला हे लिहायलोय. म्हणजे हा कुठल्या मोठ्या ट्रेकरचा सल्ला नाही. टॉवेलच्या पेढीवर हिशेब लिहिणारा माणूस आहे मी. तुळजापूर सहा वेळा, अक्कलकोट दोनदा, आळंदी ते पंढरपूर एक पूर्ण वारी आणि ही अर्धवट परिक्रमा, एवढीच कमाई. पण अर्ध्यातनं परतलेल्या माणसाला भांडं कुठं गळतंय ते बरोबर ठाऊक असतं.

पहिली पायरी : किती लांब ते ठरवा, आणि मधली पायरी गाळू नका

आपल्याकडं डोंगर नाही म्हणून सोलापूरकर उगाच रडतात. लांब चालायला डोंगर लागतोच असं नाही, रस्ता लागतो, आणि तो आपल्याला चारी बाजूंनी आहे.

सगळ्यात सोपं तुळजापूर. साधारण ४५ किमी, एका रात्रीचं काम, दहा ते बारा तास धरा. अश्विन पौर्णिमेला गेलात तर रस्ता गाड्यांना बंद असतो, माणसांचा पूर लोटलेला असतो, जागोजागी चहा, केळी, उप्पीट फुकट, पाय चेपून देणारे सुद्धा बसलेले असतात. चुकायची सोय नाही आणि कंटाळायचीही नाही. शेवटी बालाघाटाचा चढ लागतो तेव्हा पाय लाकडाचे झालेले असतात, पण मागनं "आई राजा उदो उदो" चालू असतं, त्या आवाजावरच माणूस वर जातो. आता इथंच लोक फसतात. तुळजापूर झालं म्हणजे आपल्याला लांबचं जमतं असं वाटायला लागतं, पण त्या रात्री तुमचे फक्त पाय तपासले गेलेत. डोक्याचं काम गर्दीनं केलं.

म्हणून दुसरं, हत्तरसंग कुडल. चाळीसेक किमी, दोन दिवसांत आरामात, मध्ये एक मुक्काम ठरवून घ्या. सीना आणि भीमेचा संगम आहे, देवळात ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे आणि शके ९४० म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे, "वाछि तो विजेया होईवा", वाचेल तो विजयी होईल. (मी पोचलो तेव्हा इतका दमलो होतो की वाचायला वाकताच आलं नाही, ते जाऊ द्या.) मुद्दा असा की या रस्त्याला गर्दी नाही, कुणी केळी देत नाही, ऊस आणि तूर बघत चालायचं. शक्यतो एकट्यानं नाहीतर फार न बोलणाऱ्या एखाद्या मित्राबरोबर जा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर काय वाटतं ते बघा, तो तुमचा खरा निकाल.

तिसरं, तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा करत पंढरपूर, ऐंशीच्या आत-बाहेर किमी, चार दिवस. शेगावची गजानन महाराजांची पालखी सोलापूरनंतर याच अंगानं जाते आणि ती मंडळी तर विदर्भातनं सातशेच्या वर किलोमीटर चालत आलेली असतात, त्यांच्या टाचा एकदा बघून घ्या, आपली तक्रार आपोआप बंद होते. माचणूरला भीमेकाठच्या सिद्धेश्वराच्या देवळात दुपार काढता येते.

त्यानंतर वारी, सुमारे २५० किमी, वीसेक दिवस. आणि त्यानंतर परिक्रमा वगैरे. नर्मदेची नुसती लांबी १,३१२ किमी आहे, दोन्ही काठ धरले की दुप्पट, आणि पायवाट काही नदीसारखी वाहत नाही, त्यामुळं प्रत्यक्षात त्याहून जास्तच. मी कामतीपर्यंतचा अनुभव घेऊन डायरेक्ट ओंकारेश्वर गाठलं होतं, वारी नंतर केली. हा माझा पहिला मूर्खपणा.

परदेशात पण हेच आहे बरं का. अमेरिकेत अ‍ॅपलेशियन ट्रेल म्हणून वाट आहे, १४ राज्यांतनं जाते, साधारण ३,५०० किमी, पाच ते सात महिने लागतात. एका दमात पूर्ण करायची म्हणून निघालेल्यांतला साधारण चारातला एकच पोचतो. सगळे तगडे, सगळ्यांकडं भारी सामान. आणि १९५५ साली एमा गेटवुड नावाच्या ६७ वर्षांच्या आजीनं ती एकटीनं पूर्ण केली, साधे कापडी बूट, घरी शिवलेली पिशवी, आडोशाला प्लॅस्टिकचा बाथरूमचा पडदा. अकरा लेकरांची आई होती. बुटाचा प्रश्न विचारणाऱ्यांना मी आता आधी या आजीचं सांगतो.

दुसरी पायरी : शरीराचं, थोडक्यात

यावर युट्यूबवर ढीगभर आहे, मी फक्त सोलापूरपुरतं सांगतो. आठ ते दहा आठवडे हातात ठेवा. आठवड्यात चार दिवस तासभर, रविवारी लांबचं, आणि रविवारचं अंतर थोडं थोडं वाढवत न्या, एकदम पाचावरनं वीसवर उडी नको. पहिले काही रविवार सिद्धेश्वर तलाव नाहीतर कंबर तलावाच्या फेऱ्या, मग तुळजापूर रोडला हिप्परगा तलावापर्यंत जाऊन-येऊन. गावाभोवतीची सिद्धरामेश्वरांची ६८ लिंगं शोधत हिंडणं हा माझा आवडता सराव, गड्ड्याच्या म्हणजे संक्रांतीच्या जत्रेच्या वेळी नंदीध्वज जातात ती ठिकाणं. गल्लीबोळ, पेठा, मध्येच कुणाचं तरी परसदार, डोकं गुंतून राहतं आणि दोन-चार तास कधी गेले कळत नाही.

सोलापूरचं ऊन हे वेगळं प्रकरण आहे. मे महिन्यात पारा ४२-४४ ला असतो तेव्हा सराव वगैरे शहाणपणा नको. खरा मोसम दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पहाटे साडेचारला निघा, नऊला घरात. नुसतं पाणी ढोसू नका, घामातनं मीठ जातं, ते परत घालावं लागतं. ओआरएसचं पाकीट नाहीतर घरी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, आमटीचा नव्हे.

पायाचं एवढंच, बूट संध्याकाळी जाऊन घ्या, दिवसभरात पाय फुगलेला असतो, पुढं अंगठ्याएवढी जागा पाहिजे. नखं सरळ कापा. कुठं चुरचुरलं की तिथल्या तिथं बसून कागदी चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर नाही, चुरचुरल्यावर. "पुढच्या चहाला बघू" म्हणलेला प्रत्येक फोड मी पुढच्या चहाला बघितलाय. वारीत सुई-दोरा ओवून फोड फोडतात आणि दोरा आत ठेवतात, मी पण ठेवलाय, पण सुई घाण असेल तर पाय पिकतो, आणि साखरेच्या पेशंटनं तर हा उद्योग अजिबात करू नये.

तिसरी पायरी : पिशवी

पिशवीत माणूस आपली भीती भरतो. कुणाला उपाशी राहायची भीती असती, त्याच्या पिशवीत चार किलो खाऊ. कुणाला थंडीची, त्याचे तीन स्वेटर. माझ्या आईला माझी भीती, म्हणून तिनं परिक्रमेला निघताना आपली सोलापुरी चादर बळंच घातली. आता आपल्या चादरीबद्दल मी वाईट बोलणार नाही, पोटच त्याच्यावर चालतं, पण ती पाठीवर घेऊन चालायची वस्तू नाही. एकदा दव पिऊन ओली झाली की दोन दिवस वाळत नाही. सातव्या दिवशी एका आश्रमात देऊन टाकली आणि आईला आजतागायत सांगितलेलं नाही. जाड टॉवेलचं पण तेच. साधा सुती पंचा घ्या, अंग पुसा, डोक्याला गुंडाळा, भाकरी बांधा, ओला करून मानेवर टाका, आणि अर्ध्या तासात वाळतो.

वजन तुमच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं जमलं तर उत्तम, पाचव्या हिश्श्याच्या वर तर नकोच. सगळी पिशवी भरून पलंगावर उलटी करा, प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारा, ही कशाच्या भीतीनं घेतली? निम्मं सामान तिथंच गळतं.

खायला मात्र आपल्याइतकं नशीबवान कुणी नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ज्वारीची पातळ थापून, भाजून, वाळवून पापडासारखी केलेली भाकरी कित्येक दिवस टिकते, वजन काही नाही. फक्त पिशवीत मोकळी टाकलीत की दुसऱ्या दिवशी भुगा, म्हणून स्टीलच्या चपट्या डब्यात, मध्ये मध्ये कागद घालून. खायची पद्धत अशी, कुठल्याही हॉटेलात गरम आमटी नाहीतर नुसतं दही मागायचं, भाकरी चुरून त्यात टाकायची, दोन मिनटं थांबायचं, वरनं चटणी. दोन मिनटं थांबणं महत्त्वाचं आहे, कारण अख्ख्या दिवसात घाई नसलेली तीच दोन मिनटं असतात. परिक्रमेत १६व्या दिवशी माझी चटणी संपली, डब्याच्या कोपऱ्यात बोट फिरवून शेवटची चाटली आणि खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. तिखटानं नव्हे. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की गाडी कुठं चाललीय.

चौथी पायरी : घरच्यांशी बोलून घ्या

ही पायरी कुणीच करत नाही. लोक निघायच्या आदल्या रात्री घरात सांगतात, मग रडारड, मग अबोला, आणि तो अबोला पाठीवर घेऊन चालतात, तो सगळ्या सामानापेक्षा जड असतो.

फोनचं आधी ठरवा. दिवसातनं एकदा, ठरलेल्या वेळी, पाच मिनटं. आणि हे पण ठरवा की एक दिवस फोन लागला नाही तर घाबरायचं नाही, दोन दिवस लागला नाही तर कुणाला फोन करायचा. मी हे काही केलं नव्हतं, मग बायको दिवसातनं सहा वेळा करायची, गॅस संपला, पोराला ताप आला, लाइटबिल कुठं ठेवलंय, आणि मी चारशे किलोमीटर लांबनं काही करू शकत नाही, नुसतं अपराधी वाटत राहायचं. चूक तिची नव्हती. घर तिच्यावर टाकून मी पुण्य कमवायला निघालो होतो आणि बिल कुठं ठेवलंय एवढंही सांगितलं नव्हतं.

म्हणून बिलं, औषधं, शाळेची फी, गाडीचे कागद, सगळं एका वहीत लिहून वही टीव्हीवर ठेवून जा. पेढीवर किती दिवसांची सुट्टी ते पण चार दिवस जास्तीची सांगा, लागतात.

बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील, मनाच्या आजाराच्या असतील, तर त्या "चालल्यानं बरं वाटेल" म्हणून स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. डॉक्टरला विचारून पूर्ण दिवसांच्या घ्यायच्या, आणि दोन जागी विभागून ठेवायच्या.

बायकांसाठी माझ्या वहिनीनं सांगितलेलं लिहितो, ती तीन वाऱ्या चाललीय. संडासला जागा मिळणार नाही म्हणून पाणी कमी पिणं ही सगळ्यात मोठी चूक, त्यानं उन्हाळी लागते, चक्कर येते. गडद रंगाचा घोळदार परकर किंवा गाऊन आडोशाला कामाला येतो, बायकांनी दोघी-तिघींनी मिळून जायचं ठरवून घ्यायचं, आणि पाळीचं सामान दिंडीच्या ट्रकमधल्या बॅगेत नाही, खांद्यावरच्या पिशवीत ठेवायचं कारण ट्रक रात्री भेटतो.

पाचवी पायरी : कुठल्या दिवशी काय होतं ते आधीच वाचून ठेवा

पहिला दिवस लग्नाच्या वरातीसारखा. स्टेटस टाकणं, फोटो, "किती सोपं आहे की". यात घाई होते आणि ठरलेल्यापेक्षा सात-आठ किमी जास्त चालून होतं. तेवढं करू नका, त्याची वसुली तिसऱ्या दिवशी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातनं उठताना म्हातारा झाल्यासारखं वाटतं. हे नॉर्मल आहे, अर्ध्या तासात अंग सुटतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोक्यात पहिल्यांदा येतं, "मी इथं काय करायलोय?" हा प्रश्न सगळ्यांना येतो, आणि त्याला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका, तो प्रश्न भुकेचा असतो बहुतेक वेळा. काहीतरी खा, पाय वर करून पंधरा मिनटं पडा, मग बघा राहिलाय का.

सात-आठ दिवसांनी पाय तयार होतात. खरंच होतात, चमत्कार वाटतो. दुखणं मागं पडतं, चालण्याला एक ताल येतो, आणि बरेच जण म्हणतात आता झालं, आता जिंकलं.

इथनं पुढं खरं सुरू होतं. दुखत होतं तोवर डोक्याला काम होतं. दुखणं गेलं की डोकं रिकामं, आणि रिकामं डोकं काय काय काढतं विचारू नका. वीस वर्षांपूर्वी कुणी काय बोललं, मेलेल्या वडलांशी झालेलं शेवटचं भांडण, पेढीवरच्या कुणी दाबलेले आठशे रुपये. घरात असताना टीव्ही असतो, फोन असतो, पोरं असतात, हे सगळं वर येत नाही. चालताना त्याला मोकळं मैदान. काहींना यानं हलकं वाटतं. मला पहिले चार दिवस वाटलं, नंतर तेच तेच फिरून यायला लागलं, गिरणीच्या पट्ट्यासारखं.

आणि कंटाळा. त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही कारण देवाच्या वाटेवर कंटाळा आला म्हणायची लाज वाटते. मी म्हणतो, आला. सरळ रस्ता, एका बाजूला कालवा, एका बाजूला केळी, सकाळी नऊला जे दिसलं तेच दुपारी तीनला. पुढं गाव आहे तिथं आश्रम असेल, "नर्मदे हर बाबाजी, आसन लगाओ" म्हणतील, खिचडी मिळेल, उद्या परत हेच. परवा परत हेच. त्या कट्ट्यावर मी बोटांवर राहिलेले दिवस मोजले, शंभराच्या आसपास आले, आणि छातीत काहीतरी खाली बसलं.

आता मला माहीत आहे की राहिलेले दिवस कधीच मोजायचे नसतात. पुढचा चहा मोजायचा. रस्त्यावरचे विजेचे खांब मोजायचे, वीस खांब झाले की पाण्याचा घोट. हिशेबाच्या माणसाला हे लवकर जमायला पाहिजे होतं, मी आख्खा ताळेबंदच उघडून बसलो. अजून एक, दिवसातनं एक गोष्ट आवाजात करा. अभंग म्हणा, पाढे म्हणा, शेतातल्या माणसाला हाक मारून पीक काय लावलंय विचारा. कानात इअरफोन घालून दिवसभर गाणी ऐकली तर तिसऱ्या दिवसानंतर गाणीही केळीसारखीच वाटायला लागतात, ती दुपारच्या वाईट तासासाठी राखून ठेवा. आणि रात्री वहीत एक ओळ, फक्त एक, आज नवीन काय दिसलं. काहीच दिसलं नसेल तर "काही नाही" असं लिहा, तेही चालतं.

दर सहा-सात दिवसांनी एक पूर्ण सुट्टी घ्या, त्या अमेरिकावाल्यांच्या भाषेत झिरो डे, म्हणजे शून्य किलोमीटर. कपडे धुवा, झोपा, दाढी करा. मी सुट्टी घेतली नाही कारण बाकीचे पुढं जायलेत असं वाटायचं. कोण बाकीचे? त्यांचं नाव पण आठवत नाही आता.

वारीत सगळं उलटं असतं हे पण सांगून ठेवतो. तिथं एकटेपणा शोधून मिळत नाही. तीन वाजता उठायचं, टँकरच्या रांगेत उभं राहायचं, तंबूत खांद्याला खांदा, भोंगे, घोरणं, टाळ. पहिल्या दिवशी भारी वाटतं, दहाव्या दिवशी माणसांचा वीट येतो. आमच्या तंबूत शेजारी एक काका होते, रोज पहाटे पावणेतीनला त्यांची प्लॅस्टिकची पिशवी वाजायची. दंतमंजन शोधायचे ते. आधी वरची पिशवी, मग आतली, मग तिच्या आतली, प्रत्येकीला गाठ, आणि गाठ सोडताना तो चुर्र चुर्र आवाज. बाराव्या दिवशी मी अंधारात डोळे उघडे ठेवून ती पिशवी जाळायचा विचार करत पडलो होतो. ओठावर माऊली माऊली आणि पोटात हे! शेवटी दिंडीच्या विणेकऱ्यांना सांगून जागा बदलून घेतली, ते हसले, म्हणाले काकांनी परवाच तुमच्या घोरण्याची तक्रार केलीय. तर सांगायचं असं की राग येणार, फालतू गोष्टीवर येणार, साचवू नका, जागा बदला. दिंडीत नाव घालताना भिशी, म्हणजे वर्गणी, किती हे सगळे विचारतात, एका तंबूत किती माणसं हे पण विचारा.

जोडीनं जाणार असाल तर चालीचं आधी बोला. दोन जिवलग मित्र वेगवेगळ्या चालीचे असले की पुढचा थांबून चिडतो, मागचा पळून चिडतो. सकाळी आपापल्या चालीनं निघायचं, दुपारी ठरलेल्या ठिकाणी भेटायचं, संध्याकाळी एकत्र. मैत्री टिकते.

सहावी पायरी : परत फिरावंसं वाटलं तर

वाटणार. नियम एकच, संध्याकाळी ठरवायचं नाही. दुपारी चार ते रात्री आठ या वेळात घेतलेला निर्णय धरायचाच नाही. जेवा, झोपा, सकाळी पोट साफ होऊ द्या, आणि एक तास चाला. एवढं होऊन पण घरी जावंसं वाटलं तर खुशाल जा, कुणाच्या बापाला घाबरू नका. मी कट्ट्यावर बसलो तेव्हा साडेचार वाजले होते आणि दुपारचं जेवण चुकलं होतं. त्या रात्री बसमध्ये एका स्टँडवर गरम गाठिया खाल्ले आणि पोट भरल्यावर पहिल्यांदा वाटलं, अरे, आपण हे काय केलं.

पण काही गोष्टींत सकाळची वाट बघायची नाही. छातीत दुखणं, घाम बंद होऊन अंग तापणं, लघवी चहाच्या रंगाची होणं, हाडावर एकाच जागी टोचल्यासारखं दुखणं आणि ते रात्री झोपल्यावरही न थांबणं, पाय लाल होऊन ताप येणं, यात चालणं बंद आणि दवाखाना. मनाचं पण तसंच. दोन-तीन रात्री झोपच नाही, जेवण जात नाही, जगून काय करायचं असले विचार येतात, तर ती साधना वगैरे नाही, आजार आहे. बरोबरच्या माणसाला सांगा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, तो नंबर आधीच फोनमध्ये घालून ठेवा.

सातवी पायरी : परत आल्यावर

याची तयारी तर शून्य असते सगळ्यांची. वारी संपवून आलो, दुसऱ्या दिवशी पेढीवर. सात रस्त्याला सिग्नलला उभा होतो, चारी बाजूंनी हॉर्न, आणि मला कळेना इतकी घाई कशाची आहे या लोकांना. पंख्याखाली गादीवर झोप येईना, आठवडाभर गच्चीवर सतरंजी टाकून झोपलो. भूक मात्र वारीचीच राहिली, चालणं बंद आणि भाकऱ्या पाच, महिन्यात गेलेलं वजन व्याजासकट परत. आणि एक विचित्र पोकळी, सगळं ठीक असून कशातच मन लागत नाही. लांब चालून आलेल्या बऱ्याच जणांना हे होतं.

दोन दिवस मोकळे ठेवून मगच कामाला जा. रोजचा तासभर चालणं बंद करू नका. घरच्यांना प्रवचन देऊ नका, तुम्ही वीस दिवस आभाळाखाली होता तेव्हा ती माणसं घर चालवत होती. बरोबर चाललेल्या एक-दोघांचा नंबर ठेवा, कधीतरी फोन करा, त्यांनाच कळतं. पंधरा दिवसांच्या वर उदास वाटत राहिलं तर डॉक्टरकडं जा.

अर्ध्यातनं आलात तर लोक विचारणारच. पहिले दोन महिने मी गुडघा दुखत होता म्हणून सांगायचो, लंगडायचो पण थोडंसं, आणि कुठला गुडघा ते विसरायचो. मग एक दिवस पेढीवर मालकांनी सरळ विचारलं तेव्हा म्हणलं, कंटाळा आला मालक. ते काही बोलले नाहीत, चहा मागवला.

आता परत जायचं आहे. काही जण सांगतात सोडलंस तिथनंच उचल, काही म्हणतात खंडित झाली ती झाली, ओंकारेश्वरापासनं नव्यानं चाल. माझं अजून ठरत नाही. तोवर रविवारी पहाटे साडेचारला तुळजापूर नाक्यापासनं हिप्परग्याच्या रस्त्याला असतो, डोक्याला पंचा बांधलेला माणूस दिसला तर हात करा. आणि तलावाच्या अलीकडं चार कुत्री बसलेली असतात, खिशात पार्लेचा एक पुडा ठेवा.